उघडलेलं घर दोघांचं

१९७८ या एकाच वर्षी अमेरिकेत दोन कंपन्यांनी एकच खेळ टीव्हीच्या पडद्यावर आणला. फेअरचाइल्ड कंपनीच्या चॅनल एफ या यंत्रासाठी पंधराव्या क्रमांकाचं कार्ट्रिज निघालं, त्याचं नाव 'मेमरी मॅच'. अटारीने आपल्या व्हीसीएस यंत्रासाठी काढलेल्या खेळाचं नाव 'हंट अँड स्कोअर'. पुढे ते बदलून 'अ गेम ऑफ कॉन्सन्ट्रेशन' झालं, आणि सीअर्सच्या दुकानांत हाच खेळ 'मेमरी मॅच' म्हणून विकला गेला. खेळ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सगळी घरं पालथी, प्रत्येक चित्राची जोडी कुठेतरी दडलेली. एका पाळीत दोन घरं उघडायची. जुळली तर जोडी आपली, नाही जुळली तर घरं पुन्हा बंद आणि पाळी दुसऱ्याची.

हा खेळ मुलांसाठी 'शैक्षणिक' समजला जातो. पडद्यावर येण्याआधीही समजला जायचा, आजही मोबाइलवर तो त्याच खणात ठेवलेला सापडतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: स्मरणशक्ती वाढते. माझं म्हणणं असं, की या खेळात शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते या उत्तरात नाही. आणि उत्तर चुकीचं धरून बसल्यामुळे पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत खेळातला शिकण्याजोगा भागच आपण काढून टाकत गेलो.

आधी त्या यंत्रांविषयी. चॅनल एफ नोव्हेंबर १९७६ मध्ये बाजारात आलं. कार्ट्रिज बदललं की खेळ बदलतो अशी सोय असलेलं हे पहिलं घरगुती यंत्र. त्यामागचे मुख्य अभियंते जेरी लॉसन. त्या काळच्या सिलिकॉन व्हॅलीत कृष्णवर्णीय अभियंते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके होते, त्यांतले ते एक. अटारीचं यंत्र पुढच्या वर्षी आलं आणि त्याने बाजार खाल्ला. या अटारीच्या यंत्रात कामचलाऊ स्मृती होती १२८ बाइट. तुम्ही आत्ता वाचताय तो परिच्छेदही तेवढ्या जागेत मावणार नाही. पडद्यावरचं अख्खं चित्र साठवून ठेवण्याची ऐपतच त्या यंत्रात नव्हती. टीव्हीचा किरण वरून खाली एकेक ओळ काढत जायचा आणि प्रत्येक ओळीत काय दाखवायचं ते प्रोग्रॅमला त्या त्या क्षणी सांगावं लागायचं. थोडक्यात, आपल्याच पडद्यावर काय आहे हे लक्षात न राहणारं यंत्र पोरांपुढे स्मरणशक्तीचा डाव मांडत होतं. डाव मांडायला तसं फार लागतही नाही: तीस घरांचा डाव असला तरी कुठल्या घरात काय आहे आणि ते उघडलंय की नाही एवढं टिपायला घरटी एक बाइट पुरतो. माणसाचं पोर जिथे अडखळतं तिथे यंत्राची चौथाई स्मृतीही खर्च होत नाही.

अटारीच्या या खेळासाठी नेहमीची जॉयस्टिक चालत नसे. टेलिफोनसारखी बारा बटणं असलेले कीपॅड वेगळे जोडावे लागायचे आणि ते जोडीने विकले जात. घराचा क्रमांक दाबायचा, मग ते घर उघडायचं. वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट खेळ बदलून टाकते. सतरंजीवर पत्ते मांडले की लहान मूल 'ते, तिकडचं, उशीच्या बाजूचं' असं जागेवरून लक्षात ठेवतं. त्याला आकडे येत नसले तरी चालतं. इथे जागेचं रूपांतर आकड्यात करावं लागतं, आणि चार वर्षांचं पोर तिथेच बाद होतं. असं का केलं असावं? मला वाटतं, अटारीचा नमुना सतरंजीवरचा डाव नव्हता, टीव्हीवरचा होता. एनबीसीवर ऑगस्ट १९५८ पासून १९७३ पर्यंत रोज दिवसा 'कॉन्सन्ट्रेशन' नावाचा कार्यक्रम लागायचा. फळ्यावर क्रमांक घातलेली तीस घरं, स्पर्धक क्रमांक पुकारणार, घरामागे बक्षिसांची नावं, आणि जोड्या निघत गेल्या की मागे दडलेलं चित्रकोडं दिसू लागणार. अटारीच्या खेळातला मोठा डावही तीस घरांचाच. (गंमत म्हणजे हा कार्यक्रम सुरू करणारी बॅरी-एनराइट ही निर्मात्यांची जोडी त्याच सुमारास दुसऱ्या एका कार्यक्रमात स्पर्धकांना उत्तरं आधीच पढवून ठेवल्याच्या प्रकरणात अडकली. स्मरणशक्तीचा कार्यक्रम मात्र निभावून गेला.) म्हणजे मुलांसाठी म्हणून जे विकलं गेलं ते मुळात मोठ्या माणसांचं मनोरंजन होतं.

मग शैक्षणिक हे बिरुद कशाला? पालकांसाठी, दुसरं काय. १९७६ मध्ये 'डेथ रेस' नावाच्या आर्केड खेळात गाडीखाली आकृत्या चिरडल्या की गुण मिळतात म्हणून अमेरिकेत मोठा गहजब झाला होता. दिवाणखान्यात ठेवायच्या यंत्राला अब्रू लागते. म्हणून अटारीने पहिल्या नऊ खेळांतच बेरीज-वजाबाकीचं 'बेसिक मॅथ' दिलं आणि फेअरचाइल्डनेही गणिताची कार्ट्रिजं काढली. जोड्यांचा खेळ त्या रांगेत आपोआप जाऊन बसला.

त्याच्या बाबतीत दावा तयारच होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या पेल्मन इन्स्टिट्यूटने पत्राद्वारे मन आणि स्मरणशक्ती घडवण्याचे धडे विकले. वर्तमानपत्रांत त्यांच्या जाहिराती झळकायच्या. पत्त्यांच्या या खेळाला इंग्लंडमध्ये पेल्मनिझम म्हणतात ते त्यावरूनच. मन म्हणजे एक स्नायू, त्याला जोर काढायला लावले की तो फुगतो, ही ती कल्पना. ही कल्पना खोटी असल्याची शंका त्याच काळात आली होती. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की एका कामात कमावलेली अचूकता अगदी जवळच्या कामातही फारच थोडी उतरते. सगळ्यांत बोलका दाखला १९८० चा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने दीड-दोन वर्षं आकडे ऐकून परत म्हणण्याचा सराव केला. सुरुवातीला त्याला सातच आकडे लक्षात राहायचे, शेवटी तो ७९ आकड्यांपर्यंत पोचला. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. पुन्हा सहावर. त्याची स्मरणशक्ती वाढलेली नव्हतीच. तो धावपटू होता, आकड्यांना शर्यतीच्या वेळा समजून त्यांचे गठ्ठे बांधायला शिकला होता. अक्षरांना शर्यतीच्या वेळा नसतात.

आपल्याकडच्या जुन्या पंतोजींना हे न सांगता ठाऊक असावं. पावकी, निमकी, दिडकी घोकून घेतली जायची ती बाजारात हिशेब तोंडावर यावा म्हणून. एकोणतीसचा पाढा म्हटल्याने चष्मा कुठे ठेवला ते आठवेल, असा दावा कुणी केल्याचं ऐकिवात नाही. घोकंपट्टीला आपण हवी तेवढी नावं ठेवू, पण ती आपल्या फळाविषयी प्रामाणिक होती.

नंतरचे पुरावे त्याच दिशेने जातात. २०१० मध्ये बीबीसीच्या मदतीने ११,४३० प्रौढांकडून सहा आठवडे संगणकावर 'मेंदूचे व्यायाम' करून घेतले गेले. ज्याचा सराव केला त्यात लोक सुधारले, न केलेल्या कामांत काही फरक पडला नाही. २०१३ मध्ये मेल्बी-लेर्व्हाग आणि ह्यूम यांनी अशा प्रशिक्षणाचे तेवीस अभ्यास एकत्र तपासले, त्यांत मुलांवरचेही होते. वाचन किंवा गणित त्यामुळे सुधारतं याला आधार मिळाला नाही. २०१६ मध्ये ल्युमॉसिटी या ॲपच्या कंपनीला पोकळ जाहिरातींबद्दल अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. इतकं झाल्यावरही आपल्या शहरांत स्मरणशक्तीचे वर्ग भरभरून चालतात, भिजवलेल्या बदामांच्या वाटीशेजारी टॅब्लेट ठेवला जातो आणि त्यावर जोड्यांचा खेळ.

इथे कुणीही एक अनुभव सांगेल: पण या खेळात मुलं मोठ्यांना हरवतात! हरवतात खरी. मात्र १९८८ मध्ये बेकर-वॉर्ड आणि ऑर्नस्टीन यांनी हे रीतसर तपासलं तेव्हा मुलं सरस असल्याचं दिसलं नाही. घरी बाबा हरतात कारण त्यांचा एक डोळा फोनवर असतो. मूल अख्खं त्या डावात असतं. या सरसपणाला बुद्धीची खूण मानायचं तर क्योटो विद्यापीठातल्या आयुमु नावाच्या चिंपांझीचं काय करणार? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पडद्यावर आकडे सेकंदाच्या जेमतेम पाचव्या हिश्शापुरते दिसून झाकले जायचे, आणि ते कुठे होते हे चढत्या क्रमाने दाखवण्यात त्याने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मागे टाकलं. पुढे इतर संशोधकांनी माणसांकडून सराव करून घेतला, तेव्हा माणसंही त्याच्या बरोबरीला आली. जागा लक्षात ठेवणं हे कौशल्य आहे, सरावाने येतं, आणि बहुतेक तिथल्या तिथेच राहतं.

मग खेळात उरतं काय? माझ्या मते, सगळ्यांत चांगला भाग उरतो. तो पाहायला गणितज्ञांकडे जावं लागतं.

आधी एकट्याचा डाव घेऊ. २०१३ मध्ये व्हेलमन आणि वॉरिंग्टन यांनी हिशेब मांडला, की काहीच न विसरणाऱ्या खेळाडूला डाव संपवायला सरासरी किती पाळ्या लागतील. उत्तर: जोड्यांच्या साधारण १.६१ पट. आठ जोड्यांच्या डावात सरासरी १२ ते १३ पाळ्या. पंधरा जोड्या असतील तर २४ च्या जवळपास. परिपूर्ण स्मरणशक्ती असूनही इतक्या पाळ्या का, हे नीट पाहिलं पाहिजे. नवं घर उघडलं आणि त्यात आधी पाहिलेल्या चित्राची जोडी निघाली तर त्याच पाळीत काम फत्ते. पण तीच जोडी पाळीतल्या दुसऱ्या घरात निघाली तर हात चोळत बसायचं, कारण उघडायचं घर संपलं. ती उचलायला पुढची पाळी. पहिल्यांदा निघणार की दुसऱ्यांदा, हा निव्वळ नशिबाचा भाग. आजची ॲप्स कमी पाळ्यांत डाव संपवला की तीन तारे देतात आणि जास्त लागल्या की एक. यातला कुठला तारा मुलाचा आणि कुठला पत्त्यांच्या मांडणीचा, हे ॲपला माहीत नसतं, मुलाला तर नाहीच.

आता दोघांचा डाव. १९९३ मध्ये उरी झ्विक आणि मायकेल पॅटरसन यांनी तो सोडवला. त्यांचे दोन्ही खेळाडू काहीही विसरत नाहीत. म्हणजे स्मरणशक्तीचा प्रश्न निकालात काढला; मग खेळायला उरलं काय, असं वाटेल. उरलं ते हे. समजा आठ जोड्यांचा डाव आहे, आतापर्यंत पाच वेगवेगळी चित्रं दोघांनीही पाहिली आहेत आणि एकही जोडी अजून निघालेली नाही. मी एक नवं घर उघडतो. निघतं सहावंच चित्र. आता न पाहिलेली दहा घरं राहिली. त्यांतल्या एकात माझ्या या चित्राची जोडी आहे, पाचांत जुन्या पाच चित्रांच्या जोड्या आहेत. मी दुसरंही नवं घर उघडलं तर मला जोडी मिळण्याची शक्यता दहात एक, आणि समोरच्याच्या पुढ्यात आयती जोडी वाढून ठेवण्याची शक्यता दहात पाच. म्हणून झ्विक आणि पॅटरसन सांगतात, की पुष्कळ स्थितींत शहाणा खेळाडू दुसऱ्यांदा मुद्दाम आधी पाहिलेलं, जुळणार नाही हे ठाऊक असलेलं घर उघडतो. काही स्थितींत तर दोन्ही घरं जुनीच उघडून पाळी नुसती सोडून देणं सगळ्यांत फायद्याचं ठरतं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, पोरगं विसरलं. खरं तर ते सगळं आठवून, समोरच्याला काय ठाऊक आहे याचाही हिशेब करून खेळतंय. माझ्या दृष्टीने या खेळातलं शिक्षण ते हे. इथे उघडलेलं घर दोघांचं असतं. मी चुकलो की माझी चूक समोरच्याची माहिती होते, त्याची चूक माझी. म्हणून दुसऱ्याच्या पाळीत जास्त लक्ष द्यावं लागतं. आपल्या पाळीत तर कुणीही लक्ष देतं. समोरच्यानेही हे पाहिलंय, त्याच्याही डोक्यात ते आहे, हे धरून वागणं लहान मुलाला सोपं नसतं. एरवी पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगायला किती शब्द लागतील. इथे दोन डाव हरलं की उमगतं. ते विसरल्याचं सोंग करायला शिकतं, आणि दुसऱ्याचं सोंग ओळखायलाही.

एकट्याच्या डावात यातलं काही उरत नाही. तिथे जुनं घर उघडणं म्हणजे शुद्ध नुकसान, लपवायला कुणी नाही, पाहायला कुणी नाही. आणि व्हिडिओ गेमचा नंतरचा प्रवास मुख्यतः एकट्याच्या डावाकडे झाला. १९७८ च्या यंत्रांना तसं करणं परवडत नव्हतं. एकट्या मुलाला तासभर गुंतवून ठेवतील अशी चित्रं, आवाज, गोष्टी त्या बाइटांत बसत नव्हत्या. म्हणून अटारीच्या खेळात एकट्याने खेळायची सोय असली तरी कीपॅड दोन होते, आणि दिवाणखान्यातल्या एकाच टीव्हीपुढे भावंडं मांडीला मांडी लावून बसायची. गरिबीने त्या खेळातला दुसरा भिडू वाचवला, असं म्हणायला हरकत नाही.

१९८० नंतर घरगुती संगणक पसरले आणि शिक्षणाची सॉफ्टवेअर कंपनी हा वेगळाच धंदा उभा राहिला. द लर्निंग कंपनीचा 'रीडर रॅबिट' हा लेस्ली ग्रिम यांनी रचलेला वाचनाचा प्रसिद्ध खेळ. त्यातही एक भाग जोड्या जुळवण्याचा होता. खेळ म्हणून तो नेटका होता. चित्राऐवजी शब्द आले, शब्द वाचल्याशिवाय जोडी लागत नाही, हा विचार थेट आणि प्रामाणिक. पण संगणकापुढे खुर्ची एकच असते. जोड्यांचा डाव हळूहळू धड्याच्या शेवटचा सराव झाला, मुलाच्या हातून चूक झाली की हळू आवाजात सांत्वन आणि बरोबर आलं की टाळ्या.

यंत्राने आणखीही एक काम अंगावर घेतलं, राखणदारीचं. पुठ्ठ्याच्या पत्त्यांचे कोपरे दुमडतात, एखाद्यावर चहाचा डाग पडतो, आणि घरातलं सगळ्यांत चलाख पोर पाठ पाहूनच हत्ती कुठला ते सांगतं. कुणी हळूच पत्ता उचलून बघतं, त्यावरून भांडण होतं, मग नियम ठरतात. पडद्यावरची सगळी घरं सारखी, डोकावता येत नाही, गुण यंत्र मोजतं. व्यवस्थित आहे सगळं. पण भांडून नियम ठरवण्याची गरजही गेली, आणि मला ते नुकसान वाटतं. थोडंसंच, पण वाटतं.

मुलं आणि संगणक यांचा विचार करणाऱ्या सेमोर पॅपर्टला हे सगळंच क्षुद्र वाटलं असतं. १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्याचा मुद्दा असा, की शाळांतून बहुधा संगणक मुलाला चालवतो, मुलाने संगणकाला चालवलं पाहिजे. त्या मापाने जोड्यांच्या खेळाला शून्य गुण. मी इतका कडक होणार नाही. प्रत्येक मुलाने प्रोग्रॅम लिहायलाच हवा असं नाही, पण दुसऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज सगळ्यांनाच लागतो. त्यासाठी यंत्राने फक्त पत्ते पिसून द्यावेत आणि बाजूला व्हावं. १९७८ ची यंत्रं यापेक्षा फारसं काही करूच शकत नव्हती.

आता राहतो खरा अडचणीचा प्रश्न. घरात एकच मूल, आई-बाबा कामावर, आजी गावी. दुसरा भिडू आणायचा कुठून? यंत्रालाच भिडू करा, असं सोपं उत्तर सुचतं. ते वाटतं तितकं सोपं नाही. यंत्र काही विसरत नाही, तीस घरं त्याला तीस बाइटांत पाठ असतात. त्याला मोकळं सोडलं तर मूल बहुतेक डाव हरणार. म्हणजे यंत्राला विसरायला लावावं लागतं: दर चार घरांतलं एक विसर, तीन पाळ्यांपूर्वीचं विसर, असं काहीतरी. पण माणूस असा फासे टाकून विसरत नाही. तो दोन शेजारच्या घरांत गोंधळतो, सारखी दिसणारी चित्रं अदलाबदल करतो, आणि कधी कधी मुळीच न विसरता विसरल्यासारखं दाखवतो. फासे टाकून विसरणाऱ्या भिडूची चूक मुलाला काही सांगत नाही, कारण तिच्यामागे कुणाचा हेतूच नसतो. तो जिंकला तर कंटाळा येतो, आणि हरला तर तो मुद्दाम हरतोय हे सहा वर्षांच्या पोरालाही चटकन कळतं. आजोबा मुद्दाम हरतात तेव्हाही कळतं, पण मग पोर आजोबांना पकडतं, खरं खेळा म्हणून दटावतं, आणि आजोबा पुढच्या डावात खरंच खेळतात.